एवढी मोठी कुर्ली

"एवढी मोठी कुर्ली, आणि एकानय रांदूक नाय?"

काकीचा हा प्रश्न गेल्या जूनपासून माझ्या डोक्यात आहे. ३१ जुलैपर्यंत मासेमारीला समुद्र बंद, होड्या वर ओढून झाकलेल्या, जेवणाची सगळी भिस्त खाडीतल्या कुर्ल्यांवर, म्हणजे खेकड्यांवर. अशाच एका रात्री मालवणजवळच्या आमच्या घरात पुतण्याने मोबाइल टीव्हीला जोडून दिला आणि मी हौसेने 'अटॅक ऑफ द क्रॅब मॉन्स्टर्स' हा सिनेमा लावला. दिग्दर्शक रॉजर कॉर्मनचा, १९५७चा, जेमतेम तासाभराचा.

अणुचाचण्यांच्या किरणोत्सारामुळे पॅसिफिकमधल्या एका बेटावरच्या कुर्ल्या राक्षसी होतात. तपासाला आलेल्या शास्त्रज्ञांना त्या खातात आणि खाल्लेल्या माणसाची बुद्धीही पचवतात. मग रात्री मेलेल्या सोबत्याच्याच आवाजात जिवंतांना हाका मारतात. आमच्याकडे रात्रीच्या पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. पुतण्याने पाय वर घेतले. काकीच्या हातातली लसूण हातातच राहिली. झकास जमलं होतं! पण शास्त्रज्ञ कसले गप्प बसतायत? त्यांनी अणुरेणूंचं व्याख्यान सुरू केलं आणि पुतण्याचे पाय खाली आले.

लोक अशा सिनेमांच्या पुठ्ठ्याच्या राक्षसांना हसतात. मला ते पटत नाही. या कुर्लीचे डोळे माणसासारखे आहेत, कबूल. पण आम्ही दशावतार बघत वाढलेली माणसं. एक बाकडं, मागे पखवाज आणि हार्मोनियम, लिहून दिलेली संहिता नाही. तेच बाकडं घटकेत सिंहासन होतं, घटकेत आणखी काही. त्यातला राक्षस संकासुर खोटा आहे हे दिसतंच, तरी तो अंगावर आला की पुढची पोरं मागे सरतात, कारण समोरचा नट त्याला खरा मानून लढत असतो. सिनेमातली माणसं मात्र राक्षसाकडे एसटीची वाट बघितल्यासारखी बघतात.

(नटांनाच दोष द्यावा, असंही नाही. त्याच वर्षीच्या 'द जायंट क्लॉ'मध्ये नट मनापासून घाबरले. पण ज्याला घाबरायचं तो पक्षी चित्रीकरणात त्यांना दाखवलाच नव्हता. पडद्यावर तो मान हलवणारा बाहुला निघाला. लोक हसायला लागले तसा नायकाचं काम केलेला जेफ मॉरो थिएटरातून हळूच सटकला.)

काकीचं दुखणं वेगळंच होतं. इतके शिकलेले लोक, पण कुर्लीविषयी एकालाही काही ठाऊक नसावं? गोळ्यांनी ती मरत नाही म्हणून ते हताश झाले, तेव्हा काकी म्हणाली, "कुर्ली कवच टाकता. तेव्हा ती लोण्यासारखी मऊ. थांबा म्हणा तेंका."

मी गार पडलो. कुर्ली दहापट लांब झाली तर वजन हजारपट होईल, पायांचा छेद मात्र शंभरपटच, म्हणजे ती उभीच राहणार नाही, हे गणित मी मोठ्या ऐटीत सांगणार होतो. काकीच्या उपायापुढे ते फिकं पडलं. शेवटी त्यांच्यातला एकजण स्वतःचा जीव देऊन तिला विजेचा झटका देतो. मेली. पातेलं कोणीच आणलं नाही.

परवा फोनवर मी तिला १९६१च्या 'मिस्टीरियस आयलंड' सिनेमाची गोष्ट सांगितली. त्यातल्या अवाढव्य कुर्लीसाठी पडद्यावरचे राक्षस हलवणाऱ्या रे हॅरीहाउसेनने लंडनच्या दुकानातून खरी कुर्ली आणली आणि तिच्या कवचात सांगाडा बसवला. ती कुर्ली कढत पाण्याच्या झऱ्यात पडते आणि बेटावरची माणसं तिच्यावर ताव मारतात.

"खाल्ल्यानी?" काकीचा आवाज चढला.

"खाल्ली, काकी."

"आणि वाटप कसला घातल्यानी?"