कापडी नळीतलं मूठभर पीठ

बेळगावच्या वडगावात आमची पिठाची गिरणी आहे, बाबांनी सुरू केलेली, आता मी चालवतो. आजूबाजूला मागवाल्यांची घरं, सकाळपासून खटखट चालू असते, त्यात आमच्या गिरणीची घरघर. जोंधळा सगळ्यात जास्त येतो, मग गहू, तांदूळ, पावसाळ्यात थोडी नाचणी. ज्यांनी गिरणी जवळून बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो, दगडांमधून पीठ बाहेर पडतं तिथं एक कापडाची नळी बांधलेली असते आणि तिचं तोंड गिऱ्हाइकाच्या डब्यात सोडलेलं असतं. दळण संपलं की त्या नळीला हातानं थापा मारायच्या, म्हणजे कापडाला चिकटलेलं पीठ खाली पडतं. किती थापा मारायच्या हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. दोन मारल्या तरी चालतं, पाच मारल्या तरी चालतं.

मागच्या वर्षी श्रावणात एक अज्जी आल्या, कन्नड बोलणाऱ्या, नेहमीच्याच, स्टीलच्या डब्यात दोन किलो जोंधळा घेऊन. गर्दी होती, लाईट जाऊन आलेली, माझं डोकं तापलेलं. दळण झालं, मी दोन थापा मारल्या आणि पुढचा डबा घ्यायला वळलो तर अज्जींनी नळीकडं बोट केलं आणि म्हणाल्या, "इन्नू ऐती, तम्मा." म्हणजे अजून आहे रे बाळा. मला इतका राग आला की काय सांगू. सगळ्यांसमोर माझ्यावर चोरीचा आळ घेतल्यासारखं वाटलं मला. "काय नाही अज्जी त्यात आता, चला, मागं लाईन बघा किती लागलीय," असं मराठीत जोरात बोललो आणि ते दाखवायलाच म्हणून रागानं नळीवर जोरात हात मारला, तर मूठभर पीठ धप्पकन त्यांच्या डब्यात पडलं.

कुणी काही बोललं नाही. अज्जीसुद्धा नाही. त्यांनी बोटानं डब्याच्या काठावरचं पीठ आत ओढलं, झाकण दाबून बसवलं, पैसे दिले आणि गेल्या.

त्या रात्री गिरणी बंद करताना रोजच्यासारखं मशीनखालचं, नळीतलं, दगडाभोवतीचं पीठ झाडून गोळा केलं. हे झाडलेलं पीठ म्हशीवाल्यांना जातं, बाबांच्या वेळेपासून जातं, त्यात काय वाईट आहे असं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा ते काट्यावर ठेवलं. अडीच किलोच्या वर भरलं. आता खरं सांगायचं तर थोडं पीठ मागं राहणारच, जोंधळ्यावर गहू टाकला की आधीचं थोडं मिसळतंच, ते कुणालाच टाळता येत नाही. पण अडीच किलो? रोज?

मी कुणाला फसवायचं म्हणून एकदासुद्धा फसवलेलं नाही, हे देवाला ठाऊक आहे. पण माझा हात कधीतरी, कुठल्यातरी वर्षी, पाच थापांवरून दोनवर आला होता आणि मला ते कळलंही नव्हतं. मला याच्यावरच बोलायचंय, कारण पवित्रीकरण, म्हणजे विश्वास ठेवणाऱ्या माणसानं पवित्र होत जाणं, हा शब्द मी लहानपणापासून ऐकतोय, संडे स्कूलमध्ये व्याख्यासुद्धा पाठ होती, आणि तरी माझ्या मनात तो शब्द उपवास, प्रार्थना, दारू-सिगारेट न पिणं एवढ्याशीच जोडलेला होता. हाताशी नाही.

आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी उपदेश वगैरे काही केला नाही, फक्त म्हणाले की घरी जाऊन बायबलातल्या लेवीय पुस्तकाचा 19वा अध्याय एका बैठकीत वाच. वाचला. सुरुवातीलाच देव म्हणतो, तुम्ही पवित्र असा, कारण मी पवित्र आहे. मला वाटलं आता पुढं मंदिर, अर्पण, शुद्ध-अशुद्ध असं काहीतरी येणार. अर्पणाचं थोडं आहेच, पण जास्त काय आहे बघा, शेताच्या कडेचं पीक कापू नका, गरिबाला आणि उपऱ्याला राहू द्या. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नका. बहिऱ्याला शिव्या देऊ नका. पिकल्या केसांपुढं उठून उभे राहा. आणि शेवटी शेवटी 36व्या ओवीत तराजू खरा ठेवा, वजनं खरी ठेवा, मापं खरी ठेवा. पवित्र असा म्हणून सुरू झालेला अध्याय धान्याच्या मापापर्यंत येऊन पोचतो! मी तिथं किती तरी वेळ बसून राहिलो.

आणि त्याच्या जरा आधी 34वी ओवी, तुमच्यात राहणाऱ्या परक्याला तुमच्यातल्यासारखाच माना, त्याच्यावर स्वतःसारखी प्रीती करा, कारण तुम्हीही मिसर देशात परके होता. बेळगावात बसून ही ओवी वाचणं सोपं नाही हो. 1956 ला आमचा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला तेव्हापासूनचं दुःख आमच्या घरात जेवणाबरोबर वाढलेलं आहे, त्याच्या निषेधाच्या काळ्या दिनाला बाबा गिरणी बंद ठेवायचे, आणि ते दुःख खोटं आहे असं मी आजही म्हणणार नाही. पण इथं परका कोण, मी का अज्जी? अज्जींचा जन्म इथलाच, माझाही इथलाच. त्या दिवशी मी मराठीत ओरडलो ते त्यांना कळावं म्हणून नव्हतं, त्यांना खाली पाडावं म्हणून होतं. त्यांना कन्नडमध्ये उत्तर द्यायला मला येतं की, रोज दहा जणांशी बोलतो मी कन्नड. सीमाप्रश्नाचा राग मी सत्तरीच्या बाईच्या डब्यावर काढला.

आता शिकवणीचं थोडं सांगतो, कारण इथं आपल्या लोकांचा फार गोंधळ होतो, माझाही होता. नीतिमान ठरणं आणि पवित्र होत जाणं या दोन गोष्टी एकमेकींना सोडून राहत नाहीत, पण त्या एकच नाहीत. ख्रिस्तावर विश्वास ठेवला तेव्हा देवानं मला आपलंसं केलं, ते झालं, माझ्या थापा मोजून ते कमीजास्त होत नाही. बायबलात ज्याची पत्रं आहेत तो प्रेषित पौल करिंथच्या मंडळीतल्या लोकांना, ज्यांच्यात भांडणं आणि कोर्टकचेऱ्या चालू होत्या अशांना, तुम्ही धुतलेले आहात, पवित्र केलेले आहात असं सरळ लिहितो. आणि तोच पौल थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहितो की तुमचं पवित्रीकरण व्हावं ही देवाची इच्छा आहे. म्हणजे झालंय आणि होतंय, दोन्ही. इब्रीच्या पत्रात 10व्या अध्यायाच्या 14व्या ओवीत तर दोन्ही एकाच वाक्यात आहे, त्याच्या एकाच अर्पणानं जे कायमचे पूर्ण केले गेलेत ते कोण, तर ज्यांना पवित्र केलं जातंय तेच. मला या ओवीनं फार आधार दिला, कारण नाहीतर ते अडीच किलो पीठ बघून मी म्हटलं असतं की माझं तारणच खोटं होतं.

आणि दुसरा गोंधळ म्हणजे हे करतो कोण. फिलिप्पैकरांच्या पत्रात पौल म्हणतो भीत आणि कापत आपलं तारण साधून घ्या, आणि पुढच्याच ओवीत म्हणतो की इच्छा आणि कृती दोन्ही तुमच्यात घडवणारा देव आहे. थापा मलाच माराव्या लागतात, पवित्र आत्मा येऊन नळी झाडत नाही. पण सतरा वर्षं जे दिसलं नाही ते एका अज्जीच्या तोंडून ज्यानं दाखवलं तो मी नव्हतो.

गिरणीच्या दगडांना ठराविक दिवसांनी टाकी मारावी लागते, म्हणजे छिन्नीनं परत खाचा पाडाव्या लागतात. गुळगुळीत झालेला दगड फिरतो जोरात, आवाजही करतो, पण दळत नाही, नुसतं पीठ तापवतो आणि भाकरी थापताना चिरते. मी उपासनेला न चुकता जाणारा, वर्गणी वेळेवर देणारा, गाणी पाठ असलेला माणूस. टाकी मारून किती दिवस झाले होते कुणी विचारलंच नव्हतं.

आपण मेथडिस्ट, म्हणजे जॉन वेस्लीनं सुरू केलेल्या पंथाचे ख्रिस्ती, आपल्याकडं हे विचारायची पद्धत होती खरं तर. 1742 साली इंग्लंडात ब्रिस्टलला प्रार्थनागृहाचं कर्ज फेडायचं होतं म्हणून जॉन वेस्लीच्या लोकांनी साधारण बारा-बारा जणांचे गट केले आणि एकेकानं घरोघर जाऊन आठवड्याला एक पेनी गोळा करायची असं ठरलं. पैसे मागायला गेलेल्यांना घरात काय चाललंय ते दिसायला लागलं, कुठं भांडण, कुठं दारू, आणि वेस्लीच्या लक्षात आलं की कर्जापेक्षा हे मोठं आहे. मग दर आठवड्याला गटानं बसून तुझ्या आत्म्याचं कसं चाललंय हे विचारणं सुरू झालं. हे वाचलं आणि आम्ही चौघांनी गुरुवारी संध्याकाळी गिरणी बंद झाल्यावर बसायला सुरुवात केली. चौघांतला एक कन्नड उपासनेचा, रिक्षा चालवतो. चहा, एक अध्याय, आणि मग प्रत्येकानं त्या आठवड्यातलं एक खरं सांगायचं. सल्ला कुणी द्यायचा नाही, प्रार्थना करायची. तो रिक्षावाला पहिल्याच गुरुवारी म्हणाला की पावसात नवीन माणूस बसला की मी लांबून नेतो. मग मला पिठाचं सांगायला सोपं गेलं.

आता दळण संपलं की मी मशीन थोडा वेळ रिकामं फिरू देतो आणि नळी वरपासून खालपर्यंत झाडतो, गिऱ्हाइकाकडं न बघता. रात्रीचं झाडलेलं पीठ आता अर्धा-पाऊण किलोच्या वर जात नाही. अज्जींच्या घरी मी डबाभर जोंधळ्याचं पीठ घेऊन गेलो होतो, माफी मागितली, कन्नडमध्ये. बायबलातल्या जक्कय नावाच्या जकातदारानं लोकांचं लुबाडलेलं चौपट परत द्यायचं कबूल केलं होतं, माझ्याकडं तर हिशोबच नाही कुणाचं किती राहिलं त्याचा. अज्जी म्हणाल्या बस, चहा घे.

परवा बायको म्हणाली, "गिरणीत अज्जीशी किती गोड बोलतोस, मी काही विचारलं की तोंड वाकडंच असतं तुझं." मी उत्तर दिलं नाही, डबा उचलला आणि बाहेर पडलो. उद्या गुरुवार आहे. हे सांगायचंय चौघांत, पण त्याआधी आज रात्री घरी बोलायला पाहिजे, आणि मगाचपासून मी गिरणीतच बसून हे टाइप करतोय.