लादीवरचा मुक्काम

एप्रिलमधल्या दुपारी रसवंतीच्या दारात बर्फाची लादी उतरते. गोणपाटात गुंडाळलेली, भुशाने माखलेली. पाणी मारून भुसा धुतला, टोच्याचे दोन घाव बसले की ती उभी चिरते आणि आतलं पोट दिसतं. कडा काचेसारख्या, मध्ये मात्र दुधाळ पांढरा पट्टा. आजूबाजूची पोरं टोच्याखालून उडणाऱ्या कपच्यांवर टपलेली असतात, आणि त्यांना बरोबर ठाऊक असतं की कडेची कपची तोंडात जास्त टिकते. पांढरी लगेच भुगा होते.

तो पांढरा पट्टा म्हणजे कोंडलेली हवा. बर्फाच्या कारखान्यात पत्र्याचे उभे डबे पाण्याने भरून मिठाच्या गार द्रावणात बुडवतात. मिठामुळे ते द्रावण शून्याखाली जाऊनही पातळच राहतं, आणि डब्यातलं पाणी चारी बाजूंनी गोठत आत सरकतं. पाणी गोठताना आपल्यातली हवा आणि क्षार पुढे ढकलत जातं. चारी बाजूंनी ढकललेलं सगळं शेवटी मधोमध अडकतं. पळायला वाट नाही.

वाट असती तर काय झालं असतं, ते बघायला उत्तर स्वीडनला जावं लागतं. आर्क्टिक वृत्ताच्या दोनशे किलोमीटर वर, किरुना या लोखंडाच्या खाणीच्या गावाशेजारी युक्कासयार्वी नावाचं खेडं आहे. तिथून तोर्ने नदी वाहते. तिच्यावर धरण नाही. हिवाळ्यात ती फक्त वरून गोठते. खाली पाणी वाहतच असतं, त्यामुळे बर्फाने ढकललेली हवा नि गाळ प्रवाहाबरोबर निघून जातो. वरचा थर महिनोन् महिने सावकाश जाड होतो आणि पांढरा पट्टा तयारच होत नाही. मार्चमध्ये नदीचं हे छत जवळजवळ मीटरभर जाड झालं की ते करवतीने कापून काढतात. एकेका लादीचं वजन साधारण दोन टन. एवढी जाड लादी, तरी तिच्या पलीकडचा माणूस दिसतो. या लाद्या मोठ्या शीतगृहात उन्हाळाभर रचून ठेवतात आणि पुढच्या हिवाळ्यात त्यांचं हॉटेल बांधतात. म्हणजे यंदाच्या खोलीत पाहुणे झोपलेले असतात, तेव्हा पुढच्या वर्षीचे खांब बाहेर नदीतून निघत असतात.

बर्फाच्या हॉटेलचा विषय निघाला की आपल्याकडे तीन प्रश्न येतात. वितळत नाही का? झोप लागते का? तिसरा प्रश्न घरातली वडीलधारी माणसं जरा आवाज उतरवून विचारतात. त्याच्याकडे शेवटी येऊ.

वितळण्याचं आधी. सगळं हॉटेल त्या काचेसारख्या लाद्यांचं नसतं. तसं बांधलं तर उन्हं आरपार जातील. भिंती आणि कमानी ज्या मालाच्या असतात त्याला तिथे ‘स्नाइस’ म्हणतात, स्नो आणि आइस यांचं कडबोळं. नोव्हेंबरात थंडी धरली की पाणी आणि हवा यांचा फवारा मारून हा दाट, ओलसर हिम पोलादी साच्यांवर उडवतात. काही दिवसांत तो आवळून घट्ट होतो, मग आतला साचा ओढून काढायचा आणि पुढच्या कमानीला लावायचा. स्लॅबचं सेंटरिंग काढताना आपल्याकडे मालक जसा श्वास रोखून उभा असतो, तसाच तोही क्षण असावा. पारदर्शक लाद्या मग आत येतात, त्यांचे खांब, पलंग, खिडक्या, झुंबरं होतात. लादीला लादी चिकटवायला सिमेंट नाही, डिंक नाही. दोन्ही कडा सपाट करायच्या, मध्ये पाणी घालायचं, झालं. कोरायला चेनसॉ आणि पटाशी. गुळगुळीत करायला बर्फ कोरणारे लोक कधीकधी चक्क गरम इस्त्री फिरवतात.

कमानीचा आकार नीट बघावा. अर्धवर्तुळ नसतो. दोन खिळ्यांना साखळी सैल टांगली की तिचा जो झोल पडतो, तोच उलटा करून उभा केलेला असतो. टांगलेल्या साखळीत फक्त ताण असतो. ती उलटी केली की फक्त दाब उरतो. हिम दाब चांगला सोसतो, ताण आला की तुटतो, म्हणून हा आकार. तरीही बर्फ हा काही दगड नव्हे, भाराखाली तो मुंगीच्या पावलाने सरकत राहतो. हंगामभरात अशी छतं काही सेंटिमीटर खाली बसतात. बांधणारे ते गृहीत धरूनच उंची ठेवतात. गृहीत धरायला विसरले की दाराच्या चौकटी अडायला लागतात.

हे सगळं ठरवून सुरू झालं नाही. 1989 साली या हॉटेलचे संस्थापक इंग्वे बर्गक्विस्ट यांनी या खेड्यात बर्फशिल्पांची कार्यशाळा भरवली आणि जपानमधले कलाकार बोलावले. पुढच्या हिवाळ्यात नदीवर हिमाचं एक गोल दालन बांधून त्यात चित्रप्रदर्शन मांडलं. काही पाहुण्यांनी तिथेच रेनडियरच्या कातड्यांवर स्लीपिंग बॅगमध्ये रात्र काढली आणि सकाळी उठून छान झोप लागली म्हणाले. त्या एका अभिप्रायावर धंदा उभा राहिला.

त्याच्या अडीचशे वर्षं आधीचा पाहुणा मात्र नशीबवान नव्हता. 1740 च्या हिवाळ्यात रशियाची सम्राज्ञी आना हिने सेंट पीटर्सबर्गला नेव्हा नदीच्या बर्फाचा महाल बांधवला. बर्फाचा पलंग, बर्फाच्या उशा, बर्फाच्या तोफा, आणि त्या तोफा खरोखर उडायच्या. शेकोटीतले ओंडकेही बर्फाचे, त्यांवर नाफ्था ओतून ते पेटवायचे. मर्जीतून उतरलेल्या गोलित्सिन नावाच्या सरदाराला तिने विदूषक करून ठेवलं होतं. त्याचं काल्मिक जमातीच्या एका बाईशी लग्न लावलं आणि दोघांना पहिल्या रात्री या महालात कोंडून दारावर पहारा बसवला. दोघंही जगली. आजच्या पाहुण्याला तीच रात्र मिळते, फरक स्लीपिंग बॅगचा. आणि बिलाचा.

आता झोप. बाहेर उणे तीस असलं तरी खोलीत उणे पाच ते उणे आठ एवढंच असतं. घरातल्या फ्रिजचा फ्रीजर उणे अठराला चालतो. म्हणजे बर्फाच्या हॉटेलातला पाहुणा आपल्या फ्रोझन मटारापेक्षा पुष्कळ उबेत झोपतो. हिमात हवा कोंडलेली असते आणि कोंडलेली हवा उष्णतेला अडवते. गोधडीतल्या सात जुन्या लुगड्यांचं तेच काम. जमिनीची थोडी ऊब, माणसांच्या अंगाची ऊब भिंतीआड राहते. सुस्त पडलेला माणूसही जुन्या शंभर वॉटच्या बल्बला जवळजवळ गाठेल इतकी उष्णता टाकत असतो. वेण्णा तळ्याकाठी दवबिंदू गोठले की ‘महाबळेश्वर गारठले’ असा मथळा येतो आणि आपण स्वेटरवर शाल घेतो. पण खिडकीच्या फटीतून वारा येणारी महाबळेश्वरची खोली आणि वारा अजिबात नसलेली ही खोली, यांत हुडहुडी कुठे जास्त भरेल हे सांगायला थर्मामीटर पुरत नाही.

पलंग बर्फाचा असला तरी माणूस बर्फावर झोपत नाही. लादीवर लाकडी फळ्या, त्यावर गादी, गादीवर रेनडियरचं कातडं. रेनडियरचा केस आतून पोकळ असतो, तिथेही पुन्हा कोंडलेली हवाच. त्यावर स्लीपिंग बॅग. ती कशी वापरायची हे संध्याकाळी तिथले लोक शिकवतात आणि आपण ऐकल्यासारखं करतो. चूक इथेच होते. थंडी म्हटल्यावर मराठी माणूस दोन स्वेटर, कानटोपी, मफलर, वरून जाकीट असा आत शिरतो. बॅगची ऊब तिच्या फुगीरपणात असते. आत एवढं कोंबलं की अस्तर दबतं, हवा निघून जाते, शिवाय घाम येतो आणि ओलं अंग गारठतं. अंगावर लोकरीचे किंवा थर्मलचे पातळ कपडे, कोरडे मोजे, डोक्याला टोपी, बस. सुती बनियन अजिबात नको, सूत घाम धरून बसतं. दिवसभर घातलेले मोजे तर मुळीच नकोत, ते कोरडे वाटतात पण नसतात. दुसऱ्या दिवशीचे आतले कपडे बॅगेत पायाशी ठेवावेत, सकाळी उबदार मिळतात.

आणि डोक्यावरून पांघरूण घ्यायचं नाही. हे आपल्याला सगळ्यांत जड. पण तोंड आत घेऊन श्वास सोडला की त्याची वाफ अस्तरात जाऊन बसते, आणि पहाटे चारला जाग येते ती ओलसर गारव्याने. नाक-तोंड बाहेर ठेवायचं, बाकी सगळं दोरी ओढून बंद. सकाळी बॅगेच्या तोंडाशी पांढरा दहिवर जमलेला दिसला तर समजावं, जमलं.

झोपायला जाण्याआधी भरपूर आणि तुपातलं खावं, अंग रात्रभर भट्टी चालवतं. डिंकाचे लाडू याला उत्तम, फक्त ते गरम इमारतीतच संपवावेत. उणे पाचला तूप दगड होतं आणि दात आपले असतात. बारमध्ये पेलेही नदीच्या बर्फाचेच असतात. त्यात काय प्यायचं ते प्यावं, पण मद्याने ऊब येते हा समज घेऊन झोपायला जाऊ नये. कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुलतात, गरम वाटतं, आणि नेमकी तीच उष्णता बाहेर जाते.

बिघडतात त्या बारीकसारीक गोष्टी. फोनची बॅटरी थंडीत बघता बघता मान टाकते, म्हणून फोन अंगाशी, बॅगेत. कॅमेरा उलट थंडीतच बरा असतो. गरम खोलीत आणला की त्यावर दव धरतं, काचेवर आणि आतही. बाहेर असतानाच तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधावा आणि आत आल्यावर तासभर सोडू नये. चष्म्याला असा उपाय नाही, तो आंधळा होणारच, एका जागी उभं राहून वाट बघायची. स्टीलच्या बाटलीला ओठ लावू नये. बूट रात्री खोलीत ठेवले तर सकाळी पाय घालताना देव आठवतो.

सामानाची बॅग खोलीत न्यायचीच नसते, ती गरम इमारतीत लॉकरमध्ये. खोलीला बहुतेक वेळा दार नसतं, पडदा असतो. दिवसभर या खोल्या प्रदर्शनासारख्या सगळ्यांना बघायला खुल्या असतात आणि संध्याकाळनंतर ज्याच्या त्याच्या होतात. म्हणून नुसतं बघायचं असेल तर दिवसाचं तिकीट पुरतं. माझं मत विचाराल तर रात्र एकच काढावी, पुढच्या रात्री शेजारच्या गरम खोलीत झोपावं. बहुतेक लोक तेच करतात आणि गावी येऊन दोन्ही रात्री बर्फात काढल्यासारखं सांगतात.

कधी जावं? डिसेंबरच्या मध्यावर काही दालनं तयार असतात, काहींचं काम चालू असतं, आणि त्या दिवसांत तिथे सूर्य उगवतच नाही. रात्री आकाशात पसरणाऱ्या उत्तरध्रुवीय प्रकाशासाठी काळोख बरा, पण लादीतला निळेपणा बघायचा तर ऊन हवं. फेब्रुवारीची अखेर ते मार्च हा काळ चांगला. तोवर शिल्पांच्या धारदार कडा मात्र मऊ झालेल्या असतात. बर्फ न वितळताही हवेत उडून जातो, शून्याखाली असतानाही, रोज थोडा थोडा. डांबरगोळ्या कपाटात झिजतात तसा. डिसेंबरात कोरलेल्या चेहऱ्याचं नाक मार्चमध्ये बारीक झालेलं असतं. एप्रिलमध्ये छत ठिबकायला लागतं, मग हिवाळी इमारत बंद, आणि सगळी भिंत परत तोर्नेत. 2016 पासून शेजारी एक कायमचा भागही आहे, तो उन्हाळ्यात गार ठेवायला सौरऊर्जा वापरतात. तिथे उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही, म्हणजे जो वितळवणार त्यालाच राखणीला बसवलंय. युक्ती झकास आहे. पण न वितळणाऱ्या बर्फाच्या हॉटेलात आपलं मन काही लागत नाही बुवा.

नदी-तळ्यांचा बर्फ कापून दूरदेशी विकणं आपल्याला नवं नाही, हे आपण विसरलोय. 1833 साली बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने अमेरिकेतल्या तळ्यांचा बर्फ जहाजाने कलकत्त्याला पाठवला, चार महिन्यांच्या वाटेवर निम्म्याहून जास्त टिकला. पुढे मुंबई आणि मद्रासलाही तो येऊ लागला. मद्रासचं बर्फघर अजून समुद्रकाठी उभं आहे, आता ते विवेकानंदांच्या नावाने ओळखलं जातं. जहाजात त्या लाद्या भुशात पुरलेल्या असत. रसवंतीच्या लादीवरचा भुसा तोच, कोंडलेल्या हवेचं तेच काम करणारा.

हं, तो तिसरा प्रश्न. संडास. तो गरम इमारतीत असतो. रात्री दीड वाजता बॅगेची दोरी सोडायची, थिजलेल्या बुटांत पाय घालायचे, जाकीट चढवायचं, पडदा सारायचा, निळ्या उजेडातल्या त्या लांब, सुंदर, निःशब्द दालनातून चालत जायचं, आणि तसंच परत यायचं. परत येईपर्यंत बॅग गार झालेली असते. त्यावर उपाय एकच, रात्री चहा घ्यायचा नाही. पण सकाळी जाग येते ती पलंगाशी आणून दिलेल्या गरम लिंगनबेरीच्या रसाने. आंबटगोड, लालभडक, अमसुलाच्या साराची आठवण करून देणारा. तो पेला रिकामा केला की पुन्हा तेच बूट.