पेद्रो आगिरे सेर्दांच्या वाटेने: पोकुरो ते चियान

पेद्रो आगिरे सेर्दा हे 1938 ते 1941 चिलीचे राष्ट्राध्यक्ष; त्यांच्या वाटेने जायचं तर सुरुवात पोकुरो या त्यांच्या जन्मगावापासून. राजधानी सान्तियागोहून उत्तरेला निघालेला 57 क्रमांकाचा महामार्ग चाकाबुकोच्या बोगद्यातून बाहेर पडला की आकोन्काग्वा नदीचं खोरं लागतं. सगळीकडे द्राक्षमळे. लोस आंदेसची बस धरायची आणि काये लार्गाला उतरून पोकुरोचा रस्ता विचारायचा. अंतर सुमारे 80 किलोमीटर, पण अर्जेंटिनाकडे जाणारे ट्रक याच वाटेने जातात. हिवाळ्यात बर्फाने घाट बंद झाला की ते लोस आंदेसच्या आसपास खोळंबून राहतात. शिवाय चिलीतली बहुतेक संग्रहालयं सोमवारी बंद असतात, तेव्हा सोमवार टाळूनच यावं.

पोकुरोत 6 फेब्रुवारी 1879 ला पेद्रो आगिरे सेर्दा जन्मले. पुढे ते भाषा-तत्त्वज्ञानाचे मास्तर झाले, मग वकील, खासदार, मंत्री आणि 1938 मध्ये राष्ट्राध्यक्ष. त्यांच्या घराचं आता संग्रहालय केलं आहे.

लोस आंदेसमध्ये थोडं थांबावं असं मी म्हणेन. कवयित्री गाब्रिएला मिस्त्राल इथल्या मुलींच्या शाळेत 1912 पासून शिकवत होत्या. 1918 मध्ये शिक्षणखातं आगिरे सेर्दांकडे आलं आणि त्यांनी मिस्त्रालबाईंना थेट दक्षिण टोकाला, पुंता आरेनासच्या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून धाडलं. बाईंचा पहिला कवितासंग्रह या मंत्र्याला आणि त्यांच्या पत्नी हुआना यांना अर्पण केलेला आहे.

सान्तियागोत मेट्रोच्या लाइन 1 वर 'युनिवेर्सिदाद दे चिले' स्थानकावर उतरलं की जवळच इन्स्तितुतो नासिओनाल. 1813 ची ही शाळा. आगिरे सेर्दा इथे शिकवत असत. तिथून ला मोनेदा हा राष्ट्राध्यक्षांचा वाडा चालत दहा मिनिटांवर आहे, पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती वाड्यासमोरच्या चौकाच्या कोपऱ्यावरची उंच इमारत. आज तिथे न्यायखातं आहे, तेव्हा कामगार विम्याचं कार्यालय होतं. 5 सप्टेंबर 1938 ला बंड फसल्यावर शरण आलेल्या जवळपास 60 नाझीवादी तरुणांना पोलिसांनी याच इमारतीत गोळ्या घातल्या. त्या वर्षीच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत त्यांचा उमेदवार होता इबान्येस. ज्याच्या हुकूमशाहीत आगिरे सेर्दांना पॅरिसला परागंदा व्हावं लागलं होतं, तोच. त्याने माघार घेतली आणि त्याची मतं डाव्यांच्या लोकआघाडीकडे, म्हणजे तिचे उमेदवार आगिरे सेर्दा यांच्याकडे वळली. उजव्यांचे उमेदवार गुस्ताव्हो रॉस फक्त चार हजारांच्या आसपास मतांनी पडले. 'राज्य करणं म्हणजे शिकवणं' म्हणणारा मास्तर ला मोनेदात शिरला तो असा. समोर पुढे स्वतः राष्ट्राध्यक्ष झालेल्या साल्वादोर आयेंदेंचा पुतळा दिसेल; 1939 पासून ते याच मास्तरांचे आरोग्यमंत्री होते.

दक्षिणेला 400 किलोमीटरवर चियान. रेल्वेनेही जाता येतं. 24 जानेवारी 1939 च्या रात्री साडेअकराच्या सुमारास इथे भूकंप झाला. घरं कच्च्या विटांची; असल्या भिंती वजनाला पेलतात, आडव्या हिसक्याला नाही. हजारो माणसं ढिगाऱ्याखाली गेली. संसदेत बहुमत विरोधकांचं होतं, पण पुनर्बांधणीला नाही कोण म्हणणार? सरकारने त्याच कायद्यात उद्योगविकासाचं महामंडळ बसवलं आणि 29 एप्रिलला 'कोर्फो' उभं राहिलं. पुढची वीज, पोलाद आणि तेलाची सरकारी कारखानदारी त्यातूनच आली.

याची किंमत मात्र शेतमजुरांनी मोजली. जमीनदार दुखावू नयेत म्हणून गावोगावी मजुरांच्या संघटना बांधण्याचं काम त्याच वर्षी थांबवलं गेलं. पॅरिसमध्ये बसून शेतीच्या प्रश्नावर 1929 मध्ये पुस्तक लिहिणाऱ्या माणसाने ही तडजोड करावी, हे मला पटत नाही. स्वतः द्राक्षमळ्याचे मालक असल्यामुळे लोक त्यांना 'दोन तिंतो', म्हणजे लालवाइनवाले साहेब, म्हणत. 25 नोव्हेंबर 1941 ला क्षयाने ते गेले, तेव्हा कारकीर्दीची निम्मी वर्षंही सरकायला अवकाश होता, आणि शेतीचा प्रश्न होता तिथेच होता.

चियानमध्ये भूकंपानंतर मेक्सिकोने भेट दिलेली एस्कुएला मेहिको ही शाळा चुकवू नका. तिच्या ग्रंथालयात मेक्सिकन चित्रकार सिकेइरोस यांनी 1941-42 मध्ये काढलेलं प्रचंड भित्तिचित्र आहे, तर जिन्याच्या भिंती शाविएर गेरेरो यांनी रंगवलेल्या. शाळा चालू असते, म्हणून आधी विचारून जावं. जानेवारी-फेब्रुवारीत तिकडे उन्हाळी सुट्टी असते.