आउट काढता काढता: आमची वाटचाल

आमची सुरुवात सायकलच्या चाकांतला आउट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढण्यापासून झाली. मी, धाकटा भाऊ, एक स्टँड आणि स्पोकच्या दोन-चार चाव्या. म्हणून जुन्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारची तारेची चाकं पहिल्यांदा आली तेव्हा आम्हाला भीती अशी वाटलीच नाही. सायकलला ३६ तारा, इथे ६०. फरक तेवढाच, असं समजलो.

चाक जिकडे डुगतंय त्याच्या समोरच्या बाजूच्या तारा आवळायच्या, हा आमचा खाक्या. आवळत गेलो, सैल काहीच केलं नाही. संध्याकाळपर्यंत डुगणं थांबलं, पण रिम अंड्यासारखी झाली होती, आणि तेही आमच्या लक्षात आलं नाही. आठवड्यात गाडी पंक्चर होऊन परत! आवळल्यामुळे निपलमधून, म्हणजे तार रिमला धरणाऱ्या छोट्या नटातून, वर आलेल्या तारेच्या टोकानं ट्यूब फोडली होती. चारही चाकं फुकट पुन्हा केली. तेव्हापासून टायर-ट्यूब उतरवल्याशिवाय चावी लावत नाही. वर आलेलं टोक घासून टाकतो आणि रिमवर नवी पट्टी चढवतो.

आता आधी वर-खालचा आउट, मग बाजूचा. एक तार पाव फेरा आवळली तर समोरची तेवढीच सैल. गंजलेल्या निपलांना आदल्या रात्रीच तेल, नाहीतर तार तुटून हातात येते. मधूनमधून भाऊ प्रत्येक तारेवर टिचकी मारतो. बद्द आवाज आला की तिथे ताण नाही. माझ्यापेक्षा त्याचा कान चांगला, हे मी घरी कबूल करत नाही.

पण धंदा खरा उभा राहिला तो एका भंगारातल्या हबमुळे, म्हणजे गाडीवर चाक ज्यावर चढतं त्या तुंब्यामुळे. एका जॅग्वार ई-टाइप गाडीची ७२ तारांची चाकं आम्ही तीनदा सरळ केली. स्टँडवर आउट मोजणाऱ्या डायल गेजचा काटा हलत नव्हता, आणि गाडीवर चढवली की स्टिअरिंग थरथरायचं. शेवटी उलगडलं, की स्टँडवर आम्ही चाक बोअरच्या, म्हणजे मधल्या भोकाच्या, कडेवर धरत होतो. गाडीवर मात्र ते आतल्या आणि बाहेरच्या उतरत्या कोनांवर बसतं. मोजमापच चुकीच्या जागेवरून होत होतं. मग जुना स्प्लाइनचा, म्हणजे चाकात अडकणाऱ्या उभ्या दातांचा, हब बेअरिंगवर बसवून त्याचाच स्टँड केला. चाक त्यावर चढवून मधला मोठा नट गाडीसारखाच ठोकून घट्ट करतो. अर्थात तांब्याच्या हातोड्यानं.

प्रत्येक काम घेतोच असं नाही. पुढे जाणारी गाडी रिव्हर्समध्ये घेताना 'टक्' वाजतं, स्प्लाइनवर तांबडी भुकटी दिसते, दात धारदार झालेत, अशी चाकं परत पाठवतो. तिथे ६० तारा नव्या घातल्या तरी खेळ राहणारच. गिऱ्हाईक नाराज होतं. काही जण दुसरीकडून तारा बदलून घेतात आणि तीच चाकं घेऊन पुन्हा आमच्याकडे येतात.