पोहे सोडले, शेक धरला आणि वजन तिथेच

वजन कमी करायचं ठरलं की पहिली कुऱ्हाड पोह्यांवर पडते. मग पोळ्या तीनच्या दोन होतात, भात बंद होतो आणि सकाळी मिक्सरवर शेक फिरायला लागतो. महिना-दीड महिना जातो. काटा हलत नाही. शंका थायरॉइडवर घेतली जाते, वयावर घेतली जाते. शेकवर सहसा कोणी घेत नाही, कारण त्यात तेल नाही, मैदा नाही, बाहेरचं काही नाही.

तर आधी त्या शेकचाच हिशोब करू. घरोघरी थोड्याफार फरकाने बनणारी कृती अशी असते: ३०० मिली फुल क्रीम दूध, दोन मोठी केळी, पाच खजूर, दहा बदाम, एक भरगच्च चमचा पीनट बटर, तीन चमचे ओट्स, वरून चमचाभर मध. यातला एकही पदार्थ वाईट नाही. पण ६ टक्के स्निग्धांशाच्या दुधात १०० मिलीला ८७ च्या आसपास कॅलरी असतात, म्हणजे दुधाच्याच २६०. सोललेलं मोठं केळं साधारण १०० ग्रॅम भरतं. दोन केळ्यांचे १८०. लहान खजुरात २२ धरले तर पाचांचे ११०. बदाम एकाला ७, म्हणजे दहाचे ७०. पीनट बटरचा उंच भरलेला चमचा २५ ग्रॅमला सहज जातो, त्याचे १५०. ओट्स ३० ग्रॅम, ११५. मध २० ग्रॅम, ६०. बेरीज ९४५.

आता सोडलेले पोहे बघा. ५० ग्रॅम कोरडे पोहे, दोन छोटे चमचे तेल, मूठभर नव्हे तर दहा ग्रॅम शेंगदाणे, कांदा, कोथिंबीर, लिंबू: सगळं मिळून ३४० च्या घरात. दोन पोळ्या, वाटीभर भाजी, वाटीभर वरण आणि वाटीभर भात असं साधं ताट घेतलं तरी ६०० च्या आसपास थांबतं. म्हणजे ज्या ग्लाससाठी पोहे सोडले, तो ग्लास अख्ख्या जेवणापेक्षा जड आहे.

चाळिशीची, १६० सेंटिमीटर उंचीची, ६५ किलो वजनाची, दिवसभर फार धावपळ नसलेली बाई धरली तर तिची रोजची गरज अंदाजे १८०० कॅलरींची निघते. वजन उतरवायला ती १४०० च्या आसपास राहू पाहते. सकाळच्या ९४५ नंतर दिवसभरासाठी उरले ४५५. त्यात दोन वेळचं जेवण आणि चहा बसत नाही. तासभर ताशी ५ किलोमीटरच्या चालीने चालून तिचे २२५ च्या आसपास जळतात, आणि त्यातले साठ-पासष्ट तर नुसतं घरी बसून राहिली असती तरी जळलेच असते. ‘इतकं चालते तरी काही होत नाही’ या तक्रारीचं उत्तर बऱ्याचदा मिक्सरच्या भांड्यात असतं.

ही कृती मुळात आली कुठून? व्यायामशाळेतून. वजन वाढत नाही म्हणून रडणाऱ्या सडसडीत पोरांना हाच शेक सांगितला जातो, आणि तो त्यांच्यासाठी अगदी बरोबर आहे: पोट फार भरू न देता जास्त कॅलरी आत ढकलायच्या. तीच कृती ‘हेल्दी’ या लेबलाखाली वजन उतरवणाऱ्यांच्या हातात पडली. उद्देश उलटा, ग्लास तोच.

पोट न भरण्याचा मुद्दा कल्पनेतला नाही. १९७७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका ब्रिटिश प्रयोगात दहा जणांना सफरचंदं तीन प्रकारे दिली होती: अख्खी, गर करून आणि रस काढून. अख्खी खायला सरासरी सतरा मिनिटं लागली, गराला सहा, रसाला दीड. भूक सर्वांत जास्त भागली ती अख्ख्या फळाने. २००० साली आलेल्या दुसऱ्या एका प्रयोगात पंधरा जणांना चार आठवडे रोज ४५० कॅलरींच्या चघळायच्या गोळ्या आणि चार आठवडे तेवढ्याच कॅलरींचं गोड पेय दिलं. गोळ्या खाल्ल्या तेव्हा त्यांनी न सांगता बाकीचं खाणं तेवढं कमी केलं. पेय प्यायले तेव्हा बाकीचं खाणं होतं तसंच राहिलं आणि वजन वाढलं.

दुधाचा घट्ट शेक हे काही सोडावॉटर नव्हे, हेही खरं. त्यात प्रथिनं आहेत, दाटपणा आहे, आणि अख्खं फळ फिरवलं तर चोथा भांड्यातच राहतो. त्यामुळे ‘मिक्सरमध्ये फळ फिरवलं की त्यातला सगळा फायबर मरतो’ हे जे सांगितलं जातं ते चुकीचं आहे. अडचण वेगाची आणि मापाची आहे. दोन केळी, पाच खजूर, दहा बदाम आणि पीनट बटर लावलेली ओट्सची वाटी समोर मांडून चावत बसलात तर अर्ध्यात थांबाल. फिरवून घेतलं की चार मिनिटांत संपतं आणि अकराला बिस्किटाचा डबा उघडतोच.

मापाची गडबड चमच्यापासून सुरू होते. सपाट पातळीचा मोठा चमचा पीनट बटर म्हणजे १६ ग्रॅम, ९५ कॅलरी. बरणीतून उंच भरून काढलेला चमचा ३० ग्रॅमही होतो आणि तो १७५ च्या पुढे जातो. दोघांचंही नाव ‘एक चमचा’. ग्लासचंही तसंच. घरातला स्टीलचा पेला २०० ते २५० मिलीचा. जिमची बाटली ६०० ची. शेक ‘एक ग्लास’ घेतला म्हणणाऱ्याला कोणता ग्लास हे विचारायलाच हवं. म्हणून पाच किलोपर्यंतचा, एक ग्रॅमचा फरक दाखवणारा साधा डिजिटल वजनकाटा ओट्यावर ठेवा. मिक्सरचं भांडं त्यावर ठेवायचं, आकडा शून्य करायचा, एक जिन्नस घालायचा, पुन्हा शून्य. चमचे, वाट्या काही लागत नाहीत आणि धुणं वाचतं. पंधरा दिवस असं केलं की हाताला अंदाज येतो. पीनट बटरचा मात्र कधीच येत नाही, ते कायम मोजूनच.

गोडाबद्दल जरा स्पष्ट बोलायला हवं, कारण इथे फार भाबडेपणा चालतो. साखर बंद करून मध घातला की झालं, असं नाही. ग्रॅमला ग्रॅम मधात कॅलरी थोड्या कमी, पण मध जड. छोट्या चमच्यात साखर ४-५ ग्रॅम बसते, मध ७ ग्रॅम. चमच्याला चमचा दोन्ही विसाच्या आसपासच. गूळही साखरेपेक्षा नावापुरताच कमी. खजुरात चोथा आणि खनिजं आहेत, तो मान त्याला द्यावा, पण पाच खजूर म्हणजे कॅलरीत पाच-सहा चमचे साखर. गंमत म्हणजे पिकलेलं केळं असलेल्या शेकला वरून गोड लागतच नाही. डबाबंद आमरस वापरत असाल तर डब्यावर साखर लिहिली आहे का तेवढं वाचा.

दूध नको म्हणून नारळाचं दूध घेणाऱ्यांनी तर सावध राहावं. पहिलं घट्ट दूध १०० मिलीला २०० कॅलरी ओलांडतं. सोलकढीत ते पाण्याने पातळ होतं, शेकमध्ये तसंच पडतं.

आता कापाकापी. मध आणि पीनट बटर काढलं की २१० गेले. खजूर काढले, ११० गेले. दोन केळ्यांच्या जागी अर्धंच केळं घेतलं, १३५ गेले. ३०० मिली फुल क्रीमच्या जागी २०० मिली डबल टोन्ड घेतलं, १६५ च्या वर गेले. बदाम पाच, ओट्स १० ग्रॅम. उरले सुमारे २१०. इथे बहुतेक जण खूश होऊन थांबतात आणि आठवड्याभरात परत जुन्या शेकवर येतात, कारण यात प्रथिनं जेमतेम ९-१० ग्रॅम राहिली. सकाळभर भूक छळते. म्हणून कापल्यावर एक गोष्ट परत भरायची: २० ग्रॅम स्किम्ड मिल्क पावडर. तिच्या ७२ कॅलरी आणि ७ ग्रॅम प्रथिनं. एकूण २८० कॅलरी, १६ ग्रॅमच्या वर प्रथिनं, खर्च किरकोळ. व्हे, म्हणजे दुधाच्या निवळीपासून केलेली प्रथिनांची पावडर, घेत असाल तर मिल्क पावडरऐवजी तिचं एक माप, साधारण ३० ग्रॅम. शेक ३३० चा होतो आणि प्रथिनं ३३ ग्रॅमच्या घरात जातात.

पातळ होतो ही पुढची तक्रार. त्यावर उपाय आइस्क्रीमचा गोळा नाही, तो एकटाच १३० खातो. जास्त पिकलेली केळी चकत्या करून डब्यात फ्रीझरला टाका आणि ५० ग्रॅम चकत्या थेट भांड्यात घाला. तेवढ्याने दाटपणा येतो. ओट्स आधी अर्ध्या दुधात दहा मिनिटं भिजवा, नाहीतर घशाला पिठूळ लागतात. मिल्क पावडर थंड दुधात आधी दहा सेकंद एकटी फिरवा, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. मग केळं, बदाम, ओट्स, वेलची किंवा दालचिनी. व्हे असेल तर अगदी शेवटी दोन झटके. जास्त फिरवलं की नुसता फेस. छोटा चमचा सब्जा अर्धा पेला पाण्यात पंधरा मिनिटं भिजवून, तो न फिरवता वरून ढवळायचा. सब्जामुळे चघळावं लागतं, घटाघट पिता येत नाही, तेच हवं आहे. वाडग्यात ओतून चमच्याने खाल्लात तर आणखी बरं.

फळ बदलायचं तर चिकू चांगला, १०० ग्रॅम गराला ८३, आणि साखर मागत नाही. हापूसचा गर १०० ग्रॅमला साठ-सत्तरच. आंब्याला उगाच बदनाम केलंय, मँगो मिल्कशेकमध्ये दोष साखर आणि सायीचा असतो. सीताफळ मात्र १०० च्या जवळ जातं, ५० ग्रॅम पुरे. पपई किंवा अननस दुधात फिरवलात तर लगेच प्या, त्यांच्यातली विकरं (एन्झाइम) दुधातली प्रथिनं तोडतात आणि थोड्या वेळात चव कडवट होते. पुण्याची मस्तानी या चर्चेत आणूच नका. ती मिष्टान्न आहे आणि तसं सांगूनच समोर येते. हंगामात एकदा प्यावी.

शेक चालतच नाहीत असंही नाही. २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ या अभ्यासात टाइप २ मधुमेहींना तीन ते पाच महिने दिवसाला सुमारे ८५० कॅलरींच्या शेक आणि सूपवर ठेवलं होतं आणि वर्षाअखेर जवळपास निम्म्यांचा मधुमेह औषधाविना आटोक्यात होता. पण ती मोजलेली पाकिटं होती, जेवणाच्या जागी होती आणि औषधांकडे डॉक्टरांचं लक्ष होतं. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर नाश्त्यात एवढा बदल विचारूनच करा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनांची पावडरही.

जेवणाच्या जागी, हे महत्त्वाचं. सातला शेक आणि नऊला ‘आता नाश्ता’ असं चालू असेल तर २८० चा शेकसुद्धा भरच आहे. आणि मुलांसाठी केलेल्या शेकचं भांड्यात उरलेलं ‘वाया कशाला घालवायचं’ म्हणून पिणं, हे बायकांच्या बाबतीत हमखास सुटणारं कलम आहे. तेवढंच शंभर-दीडशे निघतं.

घरात एकाला वजन उतरवायचंय आणि बारीक मुलाला वाढवायचंय, अशी जोडी असते. दोनदा मिक्सर लावायची गरज नाही. दुप्पट मापाने हलका शेक करा, आधी आपला पेला ओतून घ्या, मग उरलेल्यात पीनट बटर, खजूर आणि दुसरं केळं टाकून पुन्हा फिरवा. तो ग्लास त्याचा. क्रम उलटा करू नका.