दोन मिनिटांचा खेळ : आमची वाटचाल

सांगलीत माझा लहान मुलांच्या दातांचा दवाखाना आहे. साडेतीन-चार वर्षांच्या मुलाचे पुढचे दात किडून काळी खुंटं झालेली असतात आणि आई म्हणते, "दुधाचेच आहेत की, पडणारच." दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत टिकायला हव्यात. त्या लवकर गेल्या तर मागची दाढ पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या कायमच्या दाताची जागा अडते. हे मी रोज सांगायचे, पण ब्रश व्हायचा तो घरच्या मोरीत, आणि तिथे मी नसायचे. मग पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करणाऱ्या धाकट्या भावाला म्हटलं, "ये इकडे, आपण मुलांसाठी खेळ काढू." तो आला. दवाखान्याच्या माडीवर दोन संगणक मांडले आणि कंपनी सुरू झाली.

परदेशात असे खेळ आधीपासून होते. २०२० मध्ये आलेल्या 'पोकेमॉन स्माइल'मध्ये मूल कॅमेऱ्यासमोर दात घासतं आणि पडद्यावरच्या जंतूंना हरवून पोकेमॉनना सोडवतं. खेळ देखणा आहे. पण आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक घरांत मोरीत पाणी उडतं, फोन टेकवायला जागा नसते, आणि फोन सकाळी बाबांबरोबर कामाला जातो. म्हणून आमचा खेळ कानांनी खेळायचा ठेवला. फोन बाहेर फळीवर, आवाज आत.

तोंडाचे चार भाग, प्रत्येकाला तीस सेकंद, एकूण दोन मिनिटं. गाणं सुरू झालं की ब्रश गोल गोल फिरवायचा. लहान हातांना हीच पद्धत जमते. "उजवीकडे घास" म्हटलं की बालवाडीतली मुलं गोंधळायची. बालवाडीच्या बाईंनीच तोड सुचवली: "जेवायच्या हाताची बाजू म्हणा." त्या दिवसापासून मुलं अचूक वळायला लागली.

शेवटची ओळ मात्र आज्यांना पटेना: "फेस थुंका, चूळ भरू नका." चूळ न भरता तोंड स्वच्छ कसं, असं त्या विचारायच्या. पेस्टमधलं फ्लोराइड दातांवर थोडा वेळ राहायला हवं, खळखळून चूळ भरली की ते वाहून जातं, हे मी आज्यांनाच बोलावून समजावलं. पेस्टही जाहिरातीतल्यासारखी ब्रशभर नको. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे सहापर्यंत वाटाण्याएवढी पुरते.

रात्रीच्या ब्रशला आम्ही जास्त तारे ठेवले. झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे दातांत अडकलेल्या बिस्किटातून तयार होणारं आम्ल धुऊन जात नाही. शिवाय रात्री फोन घरी असतो!

दोन मिनिटं संपली की खेळ आपोआप बंद होतो आणि पुढच्या ब्रशपर्यंत उघडत नाही. यावर सल्ला देणारे पुष्कळ भेटले: मूल जितका वेळ अडकून राहील तितक्या जाहिराती, तितके पैसे. दातांच्या खेळात चॉकलेटची जाहिरात दाखवून मिळणारे पैसे आम्हाला नकोत, हे दोघांचंही आधीपासून ठरलेलं होतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही मुलांवर पाळत ठेवायला आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवायला बंदी घातली आहे. आम्ही चेहरा टिपत नाही, नाव विचारत नाही. दंतवैद्य वार्षिक वर्गणी भरतात आणि आपल्या पेशंटना खेळ मोफत देतात. वाढ सावकाश झाली. बराच काळ भावाचा पगार दवाखान्याच्या गल्ल्यातून निघाला. आता खेळ स्वतःचा खर्च स्वतः भागवतो.

मला सर्वांत जवळचा भाग सहाव्या वर्षीचा. तेव्हा शेवटच्या दुधाच्या दाढेमागे पहिली कायमची दाढ येते. तिच्यासाठी एकही दात पडत नाही, म्हणून घरात कुणाला पत्ता लागत नाही, आणि तिच्या खोल खाचांत कीड लवकर शिरते. खेळात ती पाहुणी म्हणून येते, चारही कोपऱ्यांत एकेक. "पाहुणी आली का बघा" ऐकून आई बॅटरी लावून मुलाच्या तोंडात डोकावते. अशा कित्येक दाढांच्या खाचा मी कीड लागण्याआधी सीलंटने बुजवल्या आहेत.

सात-आठ वर्षांपर्यंत मुलाच्या हाताला पुरेसं वळण नसतं, त्यामुळे मोठ्यांनी वरून हात फिरवायलाच हवा. त्यासाठी गाण्यानंतर "आता मोठ्यांची पाळी" हा नवा तुकडा जोडतोय. जत तालुक्यातल्या मुलांसाठी कन्नड गाणंही तयार होतंय. तिथल्याच एक शिक्षिका चाल बसवताहेत, आणि दिवाळीनंतर ते त्यांच्या वर्गात वाजेल.