सतरा पोरं उभी राहिली

मी बारावीला भूगोल शिकवते. मागच्या आठवड्यात पोरांना सक्तीच्या विस्थापनावर आलेख काढायला दिला होता. एकानं दोनच खांब काढून आणले. सुदान १ कोटी ४३ लाख, भारत ५४ लाख. दोन्ही आकडे २०२४ चे आणि दोन्ही बरोबर. खाली लाल पेनानं 'भारत उत्तम' असा शेराही मारलेला.

"बरंच हाय ना मॅडम मंग आपलं?"

आता याला काय सांगावं! सुदानचा आकडा म्हणजे वर्ष संपलं तेव्हा घराबाहेरच असलेली माणसं. एप्रिल २०२३ मध्ये तिथं सैन्य आणि निमलष्करी दल एकमेकांवर उठलं, तेव्हापासून बहुतेक निघालेली. आपले ५४ लाख म्हणजे पूर-वादळांमुळे वर्षभरात जेवढ्या वेळा माणसं हलली ती बेरीज. दोन रात्री शाळेत झोपून घरी गेलेलाही त्यात येतो, आणि एकच माणूस दोनदा हलला तर दोनदा.

२३ सप्टेंबर २०२३ ला पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा माझी जाऊ लेकरांना घेऊन आमच्याकडं आली. फ्रिज आडवा होऊन तरंगत होता म्हणे. चार दिवस राहिली, चिखलानं भरलेल्या साड्या आमच्या गच्चीवर धुतल्या आणि परत गेली. मोजणीच्या नियमानं तिचं हे झालं एक विस्थापन, लेकरांची वेगळी. सुदानमधल्या दारफूरमधून निघालेल्या बाईचंही एकच.

लोकसंख्येचं तर पोरानं मनावरच घेतलं नव्हतं. सुदान साधारण ५ कोटींचा देश. माझ्या वर्गात साठ पोरं. म्हटलं, खिडकीकडच्या रांगेतले सतरा जण उभे राहा. उभे राहिले, आधी हसले, मग एकमेकांकडं पाहू लागले. तुम्ही सगळे घराबाहेर, असं मी म्हटलं. भारताचा आकडा १४५ कोटींत टाकला तर आमच्या वर्गातून एकही उभा राहत नाही. पार २७० माणसांमागं एक.

आणि ही माणसं गेली कुठं? बहुतेक सुदानमध्येच इकडून तिकडं. देशाबाहेर पडलेल्यांतला मोठा लोंढा गेला शेजारच्या चाडमध्ये. चाडही अल्प उत्पन्न गटातलाच देश, दोनेक कोटी वस्तीचा, आणि २०२४ अखेर तिथं सुमारे १३ लाख निर्वासित. पोरांना वाटत होतं सगळे युरोपात जातात. त्यांचंही काय चुकलं, बातम्यांत तेवढंच दिसतं.

रविवारी मामाजींकडं गेले होते. त्यांचं कुही तालुक्यातलं गाव गोसीखुर्द धरणाच्या बुडीत क्षेत्रात गेलं. १९८८ मध्ये राजीव गांधींच्या हातून पायाभरणी झाली तेव्हा मामाजी ऐन तिशीत होते, आता पुनर्वसनात राहतात. प्रकल्पग्रस्ताचा दाखला लॅमिनेशन करून देवाच्या फोटोमागं ठेवलाय. गंमत म्हणून त्यांना हा आलेखाचा किस्सा सांगितला. जाऊबाईच्या चार दिवसांचाही. आणि हेही की युद्ध, दंगल, छळ यांमुळं निघालेल्यांच्या जागतिक आकड्यात धरणामुळं उठलेले येत नाहीत, पूर-वादळाच्या बेरजेतही नाहीत. स्वातंत्र्यापासून २००४ पर्यंत भारतात प्रकल्पांमुळं सुमारे ६ कोटी लोक विस्थापित किंवा बाधित झाले, असा विस्थापनाचे अभ्यासक वॉल्टर फर्नांडिस यांचा अंदाज आहे. तोही त्या खांबांत कुठंच नाही.

मामाजी सुपारी कातरता कातरता थांबले. "तुही जाऊ चार दिवस राह्यली ते मोजते, अन् आमी का इथं हवा खायाले आलो होतो?"

मी हसले. ते नाही हसले.

मग थोड्या वेळानं म्हणाले, "त्या सुदानवाल्यायले मोबदला भेटला का काही?"

"नाही मामाजी."

"मंग त्यायचं आमच्याहून वाईट," म्हणाले, आणि अडकित्ता पुन्हा चालू केला.